आधी माझं ताट

“तुम्हाला डायबिटीस आहे हे कधी कळलं?” डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं.

“आत्ता,” मी म्हणाले. “तुमच्याकडून.”

त्याने यंत्र बाजूला सारलं, खोलीतला दिवा लावला आणि स्टूल माझ्या जवळ ओढलं. मी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या एका चष्म्याच्या दुकानात नवा नंबर काढायला गेले होते. अर्ध्या तासात उरकून धाकट्याला, ओमला, पोहायच्या क्लासला सोडायचं होतं. हायवेवरच्या हिरव्या पाट्या दोन महिने पुसट दिसत होत्या आणि त्याचा दोष मी पाइनच्या पिवळ्या परागांवर टाकला होता. मार्चमध्ये आमच्याकडे गाड्या, पायऱ्या, कुत्री सगळं पिवळं होतं, तसे माझे डोळेही झाले असतील म्हटलं. शिवाय एक्केचाळीस वर्षं वय. चाळिशीचा चष्मा लागणारच होता.

त्याने मला पडद्यावर माझ्याच डोळ्याचा फोटो दाखवला. केशरी गोळा, त्यावर बारीक लाल ठिपके. “याला रेटिनोपथी म्हणतात,” तो म्हणाला. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. रक्तात साखर फार दिवस चढलेली राहिली की त्या पडद्यावरच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि झिरपायला लागतात. माझ्या दोन्ही डोळ्यांत झिरपत होत्या. मला काहीही दुखत नव्हतं.

हे मी त्या बायांसाठी लिहितेय ज्यांच्या हातात असा कागद पडेल आणि ज्यांना पाठोपाठ दहा जण सांगतील, “अगं, स्वतःकडे जरा लक्ष दे.” मलाही सांगितलं. नवऱ्याने सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, ऑफिसच्या मॅनेजरने सांगितलं. सांगताना कोणीही माझ्या हातातलं काम काढून घेतलं नाही.

त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे रक्त दिलं. ए-वन-सी आली आठ पॉइंट तीन; साडेसहापासून पुढे डायबिटीस धरतात, औषधावर ती सातच्या आत हवी. ही टेस्ट आजची साखर सांगत नाही, गेल्या तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. म्हणजे टेस्टच्या आदल्या रात्री दुधी खाऊन तिला फसवता येत नाही. डॉक्टरने फाइल चाळली. पाच वर्षांपूर्वी ओमच्या वेळी मला जेस्टेशनल डायबिटीस होता, म्हणजे गरोदरपणापुरता. बाळंतपणानंतर तो गेला, पण दरवर्षी तपासा असं बजावलं होतं. ओमची प्रत्येक लस तारखेला झाली. थोरल्या ईराच्या दातांच्या तारखा मला पाठ आहेत. माझ्या तपासणीकडे मी पाच वर्षं साफ कानाडोळा केला.

मेटफॉर्मिन सुरू झालं. यकृत रक्तात जास्तीची साखर सोडतं, त्याला लगाम घालणारी ही गोळी. पहिले दहा दिवस पोटाने माझे हाल केले. घाबरू नका, जेवणाबरोबर घेतली की हळूहळू सोसते.

मग रेटिनाच्या डॉक्टरकडे गेले. ती साठीची, मोजकं बोलणारी बाई होती. “चार महिन्यांनी परत या,” ती म्हणाली. “साखर खाली आली तर हे इथेच थांबू शकतं. नाही आली तर पुढच्या वेळी मी तुमच्याशी लेझरबद्दल आणि डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनबद्दल बोलेन.”

डोळ्यात इंजेक्शन. मी पार्किंगशेजारच्या बाकावर बसून रडले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, त्यामुळे सगळं धूसर होतं आणि मला न्यायला अमोल, माझा नवरा, यायचा होता. तो येईपर्यंत माझं रडून झालं होतं आणि मला राग आला होता. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर स्क्रीनवर चुका शोधते. माझे डोळे मी कोणालाही देणार नव्हते.

आमच्या ऑफिसच्या विम्यात एक वेलनेस कोच फुकट मिळते. व्हिडिओवर एक सत्ताविशीची हसरी मुलगी आली. “आपण रिअलिस्टिक गोल्स ठरवू,” ती म्हणाली आणि तिने पाठवलेल्या कागदावर रोज दहा हजार पावलं, आठ तास झोप, आठवड्यातून पाच वेळा व्यायाम, दहा मिनिटं ध्यान, रविवारी आठवड्याच्या जेवणाची तयारी आणि ‘स्वतःला आनंद देणारी एक गोष्ट’ होती. मी हे सगळं एक्सेलमध्ये घातलं. त्यात नोकरी, स्वयंपाक, दोन मुलांची ने-आण, ईराचं गणित आणि ओमची अंघोळ मिळवली. बेरीज साडेसव्वीस तास आली. ती शीट मी तिला पाठवली आणि विषयात लिहिलं, ‘डिफेक्ट: दिवस लहान आहे.’ तिने हसरा चेहरा पाठवला आणि सुचवलं की मी एक तास लवकर उठून बघावं.

त्या कागदातली एक गोष्ट मात्र मी मनापासून केली. रोज काय खाल्लं ते लिहिलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दोन खाकरे. दुपारी सॅलड आणि मूग. रात्री दीड पोळी, भाजी, वाटीभर वरण. गोड बंद. भात बंद. सहा आठवडे एकही दिवस चुकवला नाही.

मे महिन्यात फॅमिली डॉक्टरने साखर पाहिली. जेमतेम हलली होती. तिने माझी वही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. “लिहायचं राहून जातं असं काही आहे का?”

मला झोंबलं. घरी येताना फोर्टी नंबरच्या हायवेवर गाडी चालवत मी तिला मनातल्या मनात मराठीत बरंच सुनावलं. खोटं लिहायला मी काय शाळकरी पोर होते?

तिने माझ्या दंडावर एक सेन्सर लावून दिला होता. कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर म्हणतात त्याला. नाण्याएवढी चकती असते. दर काही मिनिटांनी ती साखर मोजते आणि फोनवर आलेख काढते. दोन आठवडे लावायचा होता. पहिल्याच सोमवारी दुपारी चारनंतर आलेख उभा चढला. मी काहीही खाल्लं नव्हतं. रात्री जेवणानंतर एक चढ आला, तो ठीक, पण अर्ध्या तासाने त्याच्या डोक्यावर आणखी एक चढला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी डॉक्टरला मेसेज टाकला की यंत्र बिघडलं आहे. तिचं उत्तर आलं, “बोट टोचून ताडून बघा.” ताडलं. यंत्र बरोबर होतं.

शनिवारी चार वाजता मी फोन घेऊन बसलेच. आलेख सपाट. रविवारीही सपाट.

इथे माझ्यातली टेस्टर जागी झाली. आमच्या धंद्यात चूक रोज येते आणि सुटीला येत नाही, म्हणजे सुटीच्या दिवशी काहीतरी वेगळं घडतं. ते शोधायचं. आणि स्वतः केलेलं काम स्वतः तपासायचं नाही, हा दुसरा नियम. म्हणून सोमवारी मी ईराला कामाला लावलं. ती दहा वर्षांची आहे आणि कोणाच्याही चुका काढायला एका पायावर तयार असते. तिला म्हटलं, शाळेतून आल्यावर अर्धा तास मी काय करते ते वहीत लिहायचं.

ती ओट्यासमोरच्या उंच खुर्चीवर पेन घेऊन बसली. मी नेहमीसारखी दोघांची दप्तरं उघडली, डबे सिंकपाशी रिकामे केले, ओमच्या भांडणाची हकिगत ऐकली. अर्ध्या तासाने तिने वाचून दाखवलं.

“आई ओपन्ड माय लंचबॉक्स. आई एट माय पास्ता. आई एट ओम्स सँडविच, द पार्ट ही ऑलरेडी बिट. फोर क्रॅकर्स. सम ग्रेप्स, द स्क्विश्ड वन्स. देन आई सेड, बाई गं, दुपारपासून पोटात काही नाही.”

मी म्हणाले, “अगं, पण ते तुमचं होतं.”

“बट इट वेंट इन युअर माउथ,” ती म्हणाली.

मला खरंच आठवत नव्हतं. मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या लेखी जेवण म्हणजे ताट. वाढून घेतलं तर ते खाणं. ओट्याशी उभं राहून संपवलं ती आवराआवर. ओमच्या ताटातला वरणभात, कढईच्या तळाची खरवड, अर्धी उरलेली पोळी, पॅनकेकच्या कडा, सगळं मी आवरत होते. ताटात काही टाकायचं नाही हे मला लहानपणी शिकवलं होतं. पुढे मुलं झाली, आणि त्यांना ताटात टाकू द्यायचं आणि ते आपण संपवायचं, हे मला कोणी न शिकवताच आलं. घरात कचऱ्याचे दोन डबे होते. एक सिंकखाली आणि दुसरी मी. हे मराठीत लिहितानासुद्धा मला लाज वाटतेय, पण लिहिते, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणी हे वाचताना ओट्याशी उभ्या असतील.

मी कोचला नवा कागद पाठवला. त्यावर एकच ओळ होती. ‘जे खाईन ते माझ्या ताटात, बसून.’

“हे मोजता येईल का?” तिने विचारलं.

“पास किंवा फेल,” मी लिहिलं. “रोज संध्याकाळी कळवते.”

पहिल्या संध्याकाळी ओमच्या ताटात चार घास वरणभात उरला. अमोल म्हणाला, “मग टाकायचा?”

“टाक.”

“असा? अन्न?”

“तू खा नाहीतर टाक. मी खाणार नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याने ओमला निम्मा भात वाढला. आठवडाभरात मुलांच्या शाळेच्या डब्यांमध्ये कमी जायला लागलं, कारण ते आता अमोल भरू लागला होता आणि परत आलेलंही त्यालाच बघावं लागत होतं. दर वेळी अन्न कचऱ्याच्या डब्यात पडलं की मला बघवायचं नाही. अजूनही बघवत नाही. मी तिथून उठून जाते. आलेखावरचा चारचा डोंगर मात्र गेला, तो परत आला नाही.

मी जिंकले असं मला वाटलं. मग जूनमधल्या एका संध्याकाळी मी जेवण झाल्यावर फोन विसरला म्हणून स्वयंपाकघरात परत आले, तर आई सिंकपाशी उभ्या होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. एप्रिलच्या शेवटी सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांच्या हातात ओमचं ताट होतं आणि त्या बोटाने भात गोळा करून खात होत्या. दुसऱ्या हातात ईराने सोडलेली अर्धी पोळी. आईंना वीस वर्षं डायबिटीस आहे. त्यांच्या गोळ्यांचा डबा माझ्या डब्याशेजारीच असतो.

“तुला नको ना,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी संपवते. वाया कशाला घालवायचं?”

म्हणजे मी माझ्या तोंडचा घास काढून आईंच्या तोंडात घातला होता. चारचा डोंगर नाहीसा झाला नव्हता, शेजारी उभ्या बाईच्या रक्तात गेला होता, आणि तिच्या दंडावर चकती नव्हती म्हणून कोणाला दिसत नव्हता.

मी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. सासूच्या हातातून ताट ओढणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. “आई, हे कचऱ्याच्या डब्यात गेलं तर डबा भरेल,” मी म्हणाले. “तुम्ही खाल्लंत तर तुमचे डोळे जातील. या घरात आता कोणतीही बाई उरलेलं संपवणार नाही.” आवाज चढला होता. ओम टीव्ही सोडून बघायला आला.

आईंनी हात धुतले आणि त्या त्यांच्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“लग्न झाल्यापासून शेवटी जेवलेय,” त्या म्हणाल्या. “शेवटी जेवणारीला काय वाढून घ्यायचं असतं? जे राहील ते. आता तुझ्याकडे टेबलाशी बसवतेस, पण चित्त तव्यावर असतं. बसल्यासारखं वाटतच नाही.”

मी त्यांना माझा आलेख दाखवला. आधीचे डोंगर आणि नंतरची सपाट रेष. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “पण सगळेच एकदम बसलो तर गरम पोळ्या कोण करणार?”

हाच तो प्रश्न. माझ्या डॉक्टरला, कोचला, त्यांच्या कुठल्याही कागदाला हा प्रश्न ठाऊक नाही. आमच्या घरातल्या दोन बायकांचे डोळे त्या गरम पोळीवर अडले होते. पोळी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी असेल, तर एक बाई उभीच हवी. आणि उभी असलेली बाई कधी ताट घेत नाही.

“कोणी नाही,” मी म्हणाले. “आधी करून डब्यात ठेवायच्या.”

त्या रात्री आम्ही पाच ताटं एकदम वाढली. अमोलने पोळीला हात लावला आणि म्हणाला, “जरा गार आहे.”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, “तवा तिथे आहे, बाळा. गरम करून घे. माझी बसायची वेळ आहे.”

अमोल उठला. स्वतःची पोळी गरम केली, मग आमच्यासमोर तवा धरून विचारलं, “अजून कोणाला?” आईंनी दोन मागितल्या.

जुलैच्या शेवटी रक्त दिलं. ए-वन-सी सहा पॉइंट नऊ आली. गोळी चालू होती, जेवणानंतर मी आणि आई घराभोवती वीस मिनिटं चालत होतो, आणि तेवढ्या वेळात ओटा आवरायचं काम अमोलचं होतं. दहा हजार पावलं एकदाही झाली नाहीत. ध्यान झालं नाही. रेटिनाच्या डॉक्टरने दोन्ही डोळे बराच वेळ तपासले. मी हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते. “नवे ठिपके नाहीत,” ती म्हणाली. “जुने एक-दोन फिके झालेत. मला आज तुमच्याशी इंजेक्शनबद्दल बोलायचं नाहीये.”

डायबिटीस गेलेला नाही, जाणारही नाही. सहा महिन्यांनी परत त्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं आहे. पण ज्या डॉक्टरला मी फोर्टीवर मनातल्या मनात झापलं होतं, तिचे मी मनापासून आभार मानले. तिचा प्रश्न बरोबर होता. लिहायचं राहून जात होतं. कोचलाही शेवटचा मेसेज टाकला, ‘पास.’ तिने विचारलं की आता पुढचं गोल कोणतं. मी लिहिलं, हेच.

तुम्हाला कोणी दहा कलमी कागद दिला तर घ्या, फ्रिजवर लावा. पण त्याआधी एक दिवस घरातल्या सगळ्यात चोखंदळ माणसाला वही देऊन बसवा आणि ओट्याशी आपण काय करतो ते लिहायला सांगा. आणि तुम्ही सोडलेला घास घरातली दुसरी कोण उचलतेय तेही बघा. नुसतं स्वतःला सोडवलंत तर भार कुठे गेला ते कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये आई परत गेल्या. महिन्याभराने कोल्हापूरहून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचा स्वर कुरकुरीचा होता.

“वृषाली, तिकडून आईंना काय शिकवून पाठवलंस गं? काल सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी पातेल्यातला भात खरवडून खात होते, तर आल्या आणि पातेलंच उचलून नेलं. म्हणाल्या, आधी ताट घे. मला खाली बसवलं आणि स्वतः वाढलं. आणि घरात सगळ्यांना सांगितलंय, उद्यापासून पोळ्या डब्यात.”

“मग?” मी विचारलं. “बसलात?”

“बसले,” त्या म्हणाल्या. “सतरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा वाढलं गं. जेवताना रडूच आलं मला.”